कुत्र्याच्या अंगावरील गाठ : पशुवैद्यांकडे केव्हा न्यावे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कुत्र्याला कुरवाळताना हाताला गाठ लागली. लगेच पशुवैद्यांकडे धाव घ्यावी का?

धाव घेण्याची गरज क्वचितच पडते, दाखवण्याची मात्र जवळजवळ नेहमीच पडते. गाठ तपासून घ्यावी की नाही हा एक प्रश्न आणि ती किती घाईने तपासावी हा दुसरा. यांची गल्लत झाली की माणूस एक तर रात्रभर जागून काढतो, नाही तर वर्षभर डोळेझाक करतो. बऱ्याच पशुवैद्यांच्या वापरात एक सोपा दंडक आहे : गाठ वाटाण्याएवढी, म्हणजे साधारण १ सेंटिमीटर किंवा त्याहून मोठी असेल आणि महिनाभरात गेली नसेल, तर तिच्यातून सुईने नमुना घ्यावा. जी गाठ वाढते आहे, रंग बदलते आहे, फुटली आहे किंवा कुत्रा जिला सारखा चाटतो आहे, तिच्यासाठी महिनाभर थांबू नये. त्याच दिवशी हलवावे लागेल अशी मोजकी लक्षणे पुढच्या उत्तरात दिली आहेत.

कोणत्या सुजेसाठी किंवा गाठीसाठी त्याच दिवशी दवाखाना गाठावा?

तोंड, पापण्या किंवा गळा अचानक सुजला, अंगावर गांधी उठल्या आणि त्याबरोबर श्वास घेताना आवाज येऊ लागला, उलट्या झाल्या किंवा कुत्रा लटपटू लागला, तर ती तीव्र ॲलर्जी किंवा विषारी दंश असू शकतो. तेथे मिनिटे मोजावी लागतात. बेंबीजवळची किंवा जांघेतली मऊ गाठ, जी एरवी बोटाने आत ढकलली जात असे, ती एकाएकी टणक, दुखरी किंवा काळसर झाली आणि कुत्रा उलट्या करू लागला, तर हर्नियात आतडे अडकल्याची शंका घ्यावी. शेपटीखाली गुदाच्या बाजूला फुगवटा असलेल्या वयस्क नराला लघवी होईनाशी झाली, तर त्या फुगवट्यात मूत्राशय सरकलेले असू शकते.

पिल्लांना पाजणाऱ्या कुत्रीचे स्तन गरम, लाल आणि कडक झाले असतील आणि ती पिल्लांना जवळ येऊ देत नसेल, तर तोही त्याच दिवशीचा प्रश्न आहे. गाठीतून येणारे रक्त स्वच्छ कापडाने दहा मिनिटे दाबून धरूनही थांबत नसेल किंवा फुटलेल्या गाठीत अळ्या दिसल्या, तरीही थांबू नये. पोट ढोलासारखे फुगणे आणि उलटीचे उमाळे येऊनही काहीच बाहेर न पडणे याला काही जण ‘पोटात गाठ आली’ असे म्हणतात; ती गाठ नसून जठराला पीळ पडल्याची खूण असू शकते, आणि या यादीतील सर्वांत तातडीचे संकट तेच आहे.

मऊ आणि कातडीखाली सरकणारी गाठ म्हणजे चरबीची आणि म्हणून निर्धोक, हे खरे आहे ना?

या विषयातील सर्वांत महागात पडणारा समज हाच आहे. मध्यम वयाच्या आणि म्हाताऱ्या, विशेषतः अंगाने सुटलेल्या कुत्र्यांना चरबीच्या गाठी, म्हणजे लायपोमा, अगदी सर्रास होतात. मराठीत ज्याला आवाळू म्हणतात त्याच जातीची ही गोष्ट आहे : कातडीखाली गोलसर, मऊ, बोटाने ढकलली तर मागेपुढे होणारी, न दुखणारी आणि वर्षानुवर्षे सावकाश वाढणारी. बरगडीवर, छातीखाली, काखेत किंवा मांडीवर ती अनेकदा सापडते. आकाराने फार मोठी झाली किंवा काखेत चालताना घासू लागली, तरच तिचा त्रास होतो.

अडचण अशी की मास्ट सेल ट्यूमर आणि मऊ ऊतींचा सार्कोमा या दोन्ही घातक गाठी हाताला हुबेहूब अशाच लागू शकतात. मऊ असतात, सरकतात, दुखत नाहीत. चरबीच्या गाठींतही एक प्रकार असा असतो की जो स्नायूंमध्ये शिरत जातो आणि मग सरकेनासा होतो. गाठ टणक असेल, खालच्या भागाला चिकटलेली असेल, तर बोटांनी आलेला संशय योग्यच म्हणायचा. पण बोटे संशय उत्पन्न करू शकतात, तो फेडू शकत नाहीत. अनुभवी पशुवैद्याच्या बोटांनाही हीच मर्यादा आहे, आणि नुसते चाचपून ‘काही नाही, चरबी आहे’ असे सांगितले गेले असेल, तर सुई लावून खात्री करता येईल का, असे विचारण्यात कोणाचाही उपमर्द नाही.

येथे माझ्या घरचेच उदाहरण देतो. आमच्या कुत्रीच्या उजव्या बरगडीवर लिंबाएवढी चरबीची गाठ होती. ती सुईने तपासलेली होती आणि अनेक वर्षे निमूट होती. पुढे तिच्यापासून चार बोटांवर दुसरी, हरभऱ्याएवढी गाठ आली. ती पहिलीचीच धाकटी बहीण असणार असे मी मनाशी ठरवून टाकले आणि दोन महिने घालवले. ती मास्ट सेल ट्यूमर निघाली. एका गाठीचा अहवाल दुसऱ्या गाठीला लागू होत नाही, हे तेव्हापासून मी कोणालाही आधी सांगतो.

गाठ कधी फुगते, कधी बसते. आपोआप कमी होत असेल तर काळजी कशाला?

उलट, अशा गाठीची काळजी अधिक करावी. मास्ट सेल या शरीरातील ॲलर्जीच्या प्रतिक्रियेत भाग घेणाऱ्या पेशी आहेत आणि त्यांच्यात हिस्टामिनसारखी द्रव्ये भरलेली असतात. त्यांची गाठ झाली की धक्का लागला, दाब पडला किंवा कधी काहीही निमित्त नसताना ही द्रव्ये आसपास सुटतात. भोवतालची कातडी लाल होते, सुजते, खाजते आणि काही तासांनी किंवा दिवसांनी पुन्हा निवते. सकाळी सुपारीएवढी असलेली गाठ संध्याकाळी निम्मी झाली की घरच्यांना हायसे वाटते, आणि नेमका तेथेच वेळ जातो.

कुत्र्यांच्या कातडीवर होणाऱ्या घातक गाठींमध्ये मास्ट सेल ट्यूमर सर्वाधिक आढळणाऱ्यांपैकी आहे. बॉक्सर, पग, बोस्टन टेरिअर, लॅब्रॅडॉर आणि गोल्डन रिट्रीव्हर या जातींत ती अधिक दिसते, परंतु ती कोणत्याही जातीत, मिश्र जातीतही, होऊ शकते. तिचे रूप ठरलेले नाही : कधी केस गळालेला गुलाबी फुगवटा, कधी चामखीळ, कधी किडा चावल्यासारखा लाल ठिपका, कधी नुसती कातडीखालची मऊ गोळी. सुटलेले हिस्टामिन जठरात आम्ल वाढवते, त्यामुळे गाठीबरोबरच उलट्या, खाण्यावरची वासना उडणे किंवा डांबरासारखी काळी शी दिसली, तर दोन्ही गोष्टी एकाच वेळी पशुवैद्यांना सांगाव्यात. गाठ कातडीवर आणि तक्रार पोटाची, म्हणून त्या वेगळ्या समजू नयेत. अशी शंका असलेली गाठ वारंवार दाबून पाहू नये, हे ओघानेच आले. ती सौम्य दर्जाची असेल आणि पूर्ण निघाली, तर अनेक कुत्री शस्त्रक्रियेनेच बरी होतात, त्यामुळे नाव ऐकून खचून जाण्याचेही कारण नाही.

सुईने नमुना घेतात म्हणजे नेमके काय करतात? कुत्र्याला भूल द्यावी लागते का?

बहुधा लागत नाही. इंजेक्शनची साधी बारीक सुई गाठीत घालून दोनचार वेळा दिशा बदलत आतबाहेर करतात, सुईच्या पोकळीत आलेल्या पेशी काचपट्टीवर फुंकून पसरतात, त्या वाळवतात, रंगवतात आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. याला एफएनएसी म्हणतात. सगळा प्रकार काही मिनिटांत उरकतो आणि लस टोचताना जेवढे दुखते त्याहून फारसे अधिक दुखत नाही. डोळ्याजवळ, तोंडात किंवा बोटांच्या बेचक्यात गाठ असेल, किंवा कुत्रा अंगाला हात लावू देत नसेल, तर गुंगीचे औषध द्यावे लागते.

चरबीची गाठ असेल तर काचपट्टीवर तेलकट, चकाकणारे थेंब दिसतात आणि ते नुसत्या डोळ्यांनीही कळतात. मास्ट सेल रंगवल्यावर त्यांच्या पोटात जांभळ्या रंगाचे बारीक कण दाटीने भरलेले दिसतात. इतके ठळक, की अनेक दवाखान्यांत ते निदान तेथल्या तेथे होते. इतर काही नमुने प्रयोगशाळेकडे पाठवावे लागतात.

सुई टोचल्याने गाठ ‘चिडते’ आणि कॅन्सर पसरतो, असे ऐकले आहे.

हा समज माणसांच्या बाबतीतही घट्ट रुजलेला आहे. कातडीवरच्या आणि कातडीखालच्या गाठींबाबत त्यात व्यवहारात घाबरण्याजोगे काही नाही. मूत्राशयासारख्या पोटातील काही अवयवांच्या गाठींत सुईच्या वाटेवर पेशी रुजू शकतात, म्हणून तेथे पशुवैद्य स्वतःच सुई टाळतात आणि दुसरी पद्धत वापरतात. मास्ट सेल ट्यूमरमध्ये सुईनंतर थोडी सूज किंवा रक्त येऊ शकते, आणि त्याची तयारी ते ठेवतात. गाठ चिडल्याच्या ज्या हकिकती सांगितल्या जातात त्यांत बहुतेकदा गाठ आधीच वाढत असते. वाढत होती म्हणूनच तर ती दाखवायला नेलेली असते.

अहवालात ‘निष्कर्ष काढण्याजोग्या पेशी मिळाल्या नाहीत’ असे आले. म्हणजे गाठ साधी आहे का?

नाही. त्याचा अर्थ एवढाच की प्रश्न अजून सुटलेला नाही. काही गाठी, उदाहरणार्थ मऊ ऊतींचा सार्कोमा, आपल्या पेशी सहजासहजी सोडत नाहीत आणि सुईत नुसते रक्त येते. अशा वेळी नमुना पुन्हा घेतात किंवा गाठीचा छोटा तुकडा काढून बायोप्सी करतात.

त्यापेक्षा गाठ सरळ कापून टाकली आणि मग तपासायला पाठवली तर काय बिघडले?

वाटाण्याएवढी, हालणारी, सुटसुटीत जागची गाठ असेल तर कधीकधी तसेच करतात आणि ते ठीकही असते. मात्र गाठ कोणती आहे यावर तिच्याभोवतीची किती कातडी आणि खालचा किती थर काढायचा हे ठरते. चरबीची गाठ तिच्या आवरणासह अलगद सोडवून काढली की काम झाले. मास्ट सेल ट्यूमरसाठी चोहोबाजूंनी सुमारे २ ते ३ सेंटिमीटर निरोगी दिसणारी कातडी आणि तळाशी ऊतींचा एक पूर्ण पडदा काढण्याचा प्रघात आहे. नाव न कळता गाठ कडेकडेने काढली आणि मागाहून ती घातक निघाली, तर व्रणाचा सगळा पट्टा पुन्हा, अधिक रुंद कापावा लागतो; आणि पायावर किंवा चेहऱ्यावर तेवढी मोकळी कातडी शिल्लक असेलच असे नाही. पहिली शस्त्रक्रिया हीच सर्वांत चांगली संधी असते असे शल्यविशारद म्हणतात ते यासाठी.

काढलेली गाठ कचऱ्यात टाकू देऊ नये. ती प्रयोगशाळेत पाठवल्यावर दोन गोष्टी कळतात : ती कोणत्या दर्जाची आहे, आणि कापलेल्या कडांपर्यंत तिच्या पेशी पोचल्या आहेत की नाहीत. दुसरी माहिती मालक विचारायला विसरतात, आणि पुढचे उपचार बव्हंशी तिच्यावरच अवलंबून असतात.

कुत्रीच्या स्तनाशी गाठ लागते. वाट पाहावी का?

पाहू नये. कुत्रीला साधारणपणे स्तनांच्या पाच जोड्या असतात, काखेपासून जांघेपर्यंत दोन रांगांत, आणि गाठी मागच्या दोन जोड्यांत अधिक होतात. कुत्रीच्या स्तनांतील गाठींपैकी ढोबळमानाने निम्म्या घातक असतात. म्हणजे नाणे उडवावे तसा हा मामला आहे, आणि बाहेरून पाहून कोणती कोणत्या बाजूची ते कळत नाही. लहान असतानाच काढलेल्या गाठींचे भवितव्य अधिक चांगले असते, आणि ३ सेंटिमीटरपेक्षा मोठ्या झालेल्या घातक गाठींबाबत धोका स्पष्टपणे वाढतो. एक गाठ सापडली की तेथेच न थांबता दोन्ही रांगांतील प्रत्येक स्तन बोटांच्या चिमटीत धरून, तांदळाच्या दाण्याएवढ्या कणांसाठीसुद्धा, चाचपावा, कारण एकाच वेळी अनेक गाठी असणे नेहमीचे आहे. काढण्यापूर्वी छातीचा एक्स-रे घेतात, तो फुप्फुसांत काही पोचले आहे का हे पाहण्यासाठी.

माजानंतर दोनेक महिन्यांनी काही कुत्र्या खोट्या गाभणपणात जातात. स्तन भरतात, कधी दूधही येते. हे दोन्ही बाजूंना सारखे असते आणि काही आठवड्यांत ओसरते. याउलट पिल्ले नसलेल्या वयस्क कुत्रीचे स्तन एकाएकी लाल, गरम, कडक आणि अत्यंत दुखरे झाले, तर ती नुसती स्तनाची सूज समजून घरी औषध देत बसू नये. स्तनाच्या कॅन्सरचा एक अतिशय आक्रमक प्रकार असाच दिसतो.

लहान वयात, विशेषतः पहिल्या माजापूर्वी, नसबंदी केलेल्या कुत्र्यांमध्ये या गाठी फारच कमी होतात. मोठ्या जातींत फार लवकर नसबंदी केल्यास सांध्यांच्या तक्रारी वाढू शकतात, त्यामुळे नेमके वय आपल्या पशुवैद्यांशी बोलून ठरवावे. स्तनाच्या गाठी नरांनाही होतात, पण क्वचित.

जबड्याखाली दोन्ही बाजूंना सारख्याच गाठी लागतात.

त्या बहुधा लसीका ग्रंथी असतात. निरोगी कुत्र्यात जबड्याच्या कोपऱ्याखाली, खांद्याच्या पुढे आणि मागच्या गुडघ्याच्या पाठीमागे त्या असतात. पायाला जखम झाली की माणसाच्या जांघेत जसे अवधाण येते, तसे दाताला किंवा कानाला संसर्ग झाला की कुत्र्याच्या जबड्याखालच्या ग्रंथी सुजतात, आणि मूळ दुखणे बरे झाले की बसतात. दोन्ही बाजूंच्या, शिवाय खांद्यापुढच्या आणि गुडघ्यामागच्याही ग्रंथी एकदम मोठ्या, टणक आणि न दुखणाऱ्या झाल्या असतील, तर लिम्फोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कॅन्सर, मनात आणावाच लागतो. गोचिडांमुळे होणाऱ्या तापांतही ग्रंथी सुजतात, त्यामुळे रक्ततपासणी आणि ग्रंथीतील सुईचा नमुना असे दोन्ही करतात.

येथे एक इशारा आवर्जून द्यावासा वाटतो. निदानाआधी स्टेरॉइड दिले की लिम्फोमाच्या ग्रंथी काही दिवसांत लक्षणीयरीत्या लहान होतात, कुत्रा हुशार दिसू लागतो, आणि मग घेतलेला नमुना फसवा येऊ शकतो; शिवाय पुढच्या किमोथेरपीला रोग दाद देईनासा होण्याचा धोका असतो. घरात कोणाच्या तरी औषधांतून उरलेली गोळी देण्याचा मोह म्हणूनच टाळावा.

कुत्र्याच्या जननेंद्रियावर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी, रक्त ठिबकणारी गाठ आहे. हे काय असेल?

वर्णनावरून टीव्हीटी (ट्रान्समिसिबल व्हेनेरिअल ट्यूमर) या नावाने ओळखली जाणारी संसर्गजन्य गाठ असण्याची शक्यता मोठी आहे. ही विलक्षण गोष्ट आहे : येथे रोगजंतू पसरत नाही, प्रत्यक्ष कॅन्सरच्या जिवंत पेशीच एका कुत्र्याच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जाऊन रुजतात. हजारो वर्षांपूर्वी कोण्या एका कुत्र्यात उद्भवलेल्या गाठीच्याच त्या वंशज पेशी आहेत, हे त्यांच्या जनुकीय तपासणीतून दिसून आले आहे. समागमातून त्या पसरतात, आणि हुंगण्या-चाटण्यातून नाकात किंवा तोंडातही रुजतात. म्हणून मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्याच्या एका नाकपुडीतून वारंवार रक्त येत असेल, तरी पशुवैद्य हिचा विचार करतात. कुत्रीत बाहेर काहीच दिसत नाही, नुसते थेंब थेंब रक्त पडते आणि घरच्यांना तो लांबलेला माज वाटतो. व्हिंक्रिस्टिन या औषधाची आठवड्याला एक अशी काही इंजेक्शने दिल्यावर बहुतेक कुत्री पूर्ण बरी होतात. माणसांना तिची लागण होत नाही.

गुदाजवळ गाठ आली आहे.

जागा नीट पाहावी. शेपटी वर करून गुदाला घड्याळाची तबकडी मानले, तर चार आणि आठ या आकड्यांच्या जागी आत दोन गंधग्रंथी असतात. त्या तुंबून पिकल्या की एका बाजूला लाल, दुखरे गळू येते आणि फुटते. कुत्रा त्याआधी काही दिवस बूड जमिनीवर घासत असतो. नसबंदी न झालेल्या वयस्क नरांत गुदाभोवती होणाऱ्या गोलसर गाठी पुष्कळदा सौम्य असतात आणि नसबंदीनंतर लहान होतात. गंधग्रंथीचा कॅन्सर मात्र आतल्या आत, बाहेर काही न दाखवता वाढू शकतो, आणि त्यात रक्तातील कॅल्शियम वाढल्याने कुत्रा खूप पाणी पितो, खूप मुततो. म्हणूनच वार्षिक तपासणीत पशुवैद्य हातमोजा घालून आतून बोटाने तपासतात. तो भाग नकोसा वाटला, तरी त्यांना तो गाळायला सांगू नये.

पिल्लाच्या किंवा तरुण कुत्र्याच्या अंगावर गाठ असेल तर?

तरुणांत गाठींचे कारण बहुधा सौम्य निघते. साधारण तीन वर्षांच्या आतील कुत्र्याच्या डोक्यावर, कानावर किंवा पायावर एकाएकी उगवलेली, केस नसलेली, लाल बटणासारखी गाठ हिस्टिओसायटोमा असू शकते; ती दोनतीन महिन्यांत आपोआप विरते. ओठांवर आणि तोंडात चामखिळींचा घोसच्या घोस आला, तर तो विषाणूमुळे येतो आणि तोही सहसा आपोआप जातो. लस टोचलेल्या जागी आलेली छोटी गोळी काही आठवड्यांत बसते. न बसल्यास दाखवावी. वय कमी आहे एवढ्यावरून सुई टाळावी असा याचा अर्थ नव्हे.

तोंडातल्या, बोटांतल्या आणि पायाच्या हाडावरच्या गाठींना वेगळे का मानतात?

तोंडातल्या गाठी दिसतात उशिरा. लाळ गळणे, तोंडाला घाण वास, रक्त, घास एकाच बाजूने चावणे ही लक्षणे दातांची म्हणून सोडून दिली जातात, आणि तोवर हिरडीवरचा मेलॅनोमा हा कॅन्सर बराच पुढे गेलेला असतो. बोटाची सूज आणि सुटू लागलेले नख यांना अनेकदा नुसता संसर्ग समजून प्रतिजैविके दिली जातात. दोनतीन आठवड्यांत फरक पडला नाही, तर एक्स-रे काढावा. मोठ्या आणि अवाढव्य जातींत पुढच्या पायाच्या मनगटाजवळ, खांद्याजवळ किंवा मागच्या गुडघ्याच्या आसपास हाडालाच कडक फुगवटा आला आणि कुत्रा लंगडू लागला, तर हाडाच्या कॅन्सरसाठी एक्स-रे लगेच हवा. मार लागून आलेले टेंगूळ आठवडाभरात ओसरू लागते. हे ओसरत नाही.

गाठ समजून लोक काय काय घेऊन येतात?

रक्त पिऊन टम्म फुगलेली गोचीड पहिल्या क्रमांकावर. बाजूचे केस फुंकून पाहिले की तिचे पाय दिसतात. दुसऱ्या क्रमांकावर नर कुत्र्याचे सड. नरालाही सड असतात हे अनेकांना ठाऊक नसते, आणि चिमटीत धरून ओढायचा प्रयत्न झालेले लाल सड पाहिले की त्या बिचाऱ्या प्राण्याची दया येते. छातीच्या हाडाचे पोटाकडचे टोक आणि डोक्यामागचा उंचवटा ही तर हाडेच आहेत. तरुण नर उत्तेजित झाला की लिंगाच्या मुळाशी दोन्ही बाजूंना फुगवटा येतो; तो नैसर्गिक असतो आणि काही वेळाने बसतो. लिंग तासभर आत गेलेच नाही, तर मात्र दवाखाना गाठावा.

कठीण जमिनीवर झोपणाऱ्या मोठ्या कुत्र्यांच्या कोपरावर आधी घट्टे पडतात आणि मग पाण्याने भरलेली मऊ पिशवी तयार होते. ती सुईने रिकामी करण्याचा आग्रह धरू नये, कारण ती पुन्हा भरते आणि संसर्ग शिरण्याची भीती असते. जाड, मऊ अंथरूण हा तिचा मुख्य उपाय आहे. कानाची पाळी उशीसारखी फुगली असेल, तर ते कानाच्या खाजेमुळे डोके झटकून झटकून आत साकळलेले रक्त असते, आणि रक्ताइतकाच उपचार त्या खाजेवर करावा लागतो.

दाखवायला नेईपर्यंत घरी काय करू नये?

गाठ पिळू नये, फोडू नये, दोऱ्याने आवळू नये. कोणताही लेप, तेजाब किंवा चामखीळ जाळणारे माणसांचे औषध लावू नये. कुत्रा ते चाटतो आणि तपासणाऱ्याला मूळ रूप दिसत नाही. दुखते आहे असे वाटून आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक किंवा पॅरासिटामॉल ही माणसांची औषधे देऊ नयेत. त्यांनी जठर, मूत्रपिंडे किंवा यकृत यांना गंभीर इजा होऊ शकते. चाटणे थांबवायला गळ्यात शंकूच्या आकाराची कॉलर घालावी.

नोंद कशी ठेवावी?

महिन्यातून एकदा, कुत्रा निवांत पडलेला असताना, नाकापासून शेपटीपर्यंत दोन्ही हातांनी, केसांच्या उलट दिशेने चाचपावे. काखा, जांघा, बोटांची बेचकी आणि हिरड्या वगळू नयेत. कागदावर कुत्र्याची डावी-उजवी आकृती काढून प्रत्येक गाठीला क्रमांक द्यावा आणि तारखेसह लांबी-रुंदी मिलिमीटरमध्ये लिहावी. ‘लिंबाएवढी’ हे माप पुरेसे नाही, कारण दर महिन्याला आठवणीतले लिंबू बदलत जाते. शेजारी मोजपट्टी धरून, प्रत्येक वेळी त्याच अंतरावरून फोटो काढला तर उत्तमच. माझ्या वहीत एकदा १४ मिलिमीटरची गाठ सहा आठवड्यांनी १९ लागली होती. हाताला त्यात काहीही फरक जाणवला नव्हता.

कुत्रा तेरा वर्षांचा आहे. भूल झेपणार नाही, मग तपासून तरी काय करायचे?

सुईच्या तपासणीला बहुधा भूल लागत नाही, म्हणून वयाचे कारण तेथे लागू पडत नाही. शस्त्रक्रियेबाबत केवळ वयाचा आकडा निर्णायक नसतो. हृदय, मूत्रपिंडे आणि रक्ततपासणी कशी आहे यावर भूल ठरते. गाठ चरबीची निघाली, तर म्हाताऱ्या जिवाला विनाकारण कापायचे नाही हे निश्चिंतपणे ठरवता येते. ती घातक निघाली आणि तरीही शस्त्रक्रिया नको असे ठरले, तरी वेदनाशामक कोणते, फुटल्यास जखम कशी सांभाळायची, पुढे काय दिसू लागेल, याची तयारी करता येते.

पशुवैद्य म्हणाले, ‘सध्या लक्ष ठेवा.’ याचा नेमका अर्थ काय घ्यायचा?

नमुना तपासून झाल्यावर दिलेला हा सल्ला योग्य आहे. तपासण्यापूर्वी दिलेला असेल, तर तो निर्णय पुढे ढकलणे होय. दोन्ही वेळी तीन गोष्टी विचारून घ्याव्यात : पुन्हा केव्हा आणायचे, गाठ किती मिलिमीटर झाली तर त्याआधीच आणायचे, आणि आकाराखेरीज कोणता बदल दिसला तर थांबायचे नाही. मिळालेली उत्तरे वहीत त्या गाठीच्या क्रमांकासमोर, त्याच दिवशीच्या मापाखाली लिहून ठेवावीत.